ओएम ६१६ : टायमिंग चेनचं कव्हर बदलायचंय, हेड उतरवावं लागेल का?

लोडिंगवाला_चाकण

नमस्कार मंडळी. ट्रॅक्स चॅसीवरचा जुना लोडिंग पिकअप आहे. इंजिन ओएम ६१६, म्हणजे मर्सिडीजचं डिझेल, २३९९ सीसी, बिनटर्बो. चाकण ते मार्केट यार्ड रोजची फेरी, माल बहुतेक कांदा-बटाटा, म्हणजे जाताना गाडी कधी हलकी नसते.

इंजिनच्या पुढून ऑइल गळतंय. टायमिंग कव्हरच्या (टायमिंग चेनवरचं पुढचं झाकण) डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या बोल्टच्या कानापासून वर गेलेला केसासारखा तडा आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. क्रँक पुलीच्या मागचा भागही सतत ओला असतो. कव्हर बदलायचं ठरवलंय. नाना पेठेत नवं मिळतंय, पण ते कंपनीचं नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये जुन्या इंजिनवरून काढलेलं एक आहे.

एक फिटर म्हणतो हेड उतरवल्याशिवाय कव्हर निघत नाही. दुसरा म्हणतो आर्गन वेल्डिंग मारून घ्या, इंजिनला हातच लावू नका. शिवाय चेन बदलायची का, डिझेल पंपाचं टायमिंग हलेल का, हे प्रश्न आहेतच. ज्यांनी ही इंजिनं उघडली आहेत त्यांनी क्रमाने सांगावं.

अकुर्डी_डिझेल

दादा, हेड न उतरवता कव्हर निघतं. पण ते का अवघड जातं हे आधी समजून घ्या, म्हणजे फिटरला नेमकं काय सांगायचं ते कळेल.

या इंजिनात कव्हर नुसतं ब्लॉकच्या तोंडावर बसत नाही. त्याची वरची कड हेड पॅकिंगखाली येते आणि हेडच्या पुढच्या टोकाचे एम ८ चे एलन बोल्ट वरून कव्हरमध्ये उतरतात. खालची कड ऑइल चेंबरच्या (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) पॅकिंगवर टेकते आणि चेंबरचे पुढचे बोल्ट खालून कव्हरमध्ये जातात. म्हणजे तीन बाजूंनी तीन वेगळी पॅकिंगं, आणि डावी-उजवीकडे त्यांचे कोपरे जुळतात. कव्हर बदलल्यावर पुन्हा गळणारी इंजिनं जवळजवळ नेहमी या कोपऱ्यांतूनच गळतात. सपाट भागातून क्वचितच.

काम सुरू करण्याआधी गळतीची खात्री करा. पुढचा भाग डिझेलने धुऊन हवेने कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा. पावडर जिथे आधी काळी पडेल ती खरी जागा. त्याच वेळी ब्रेदरचा, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारा पाइप काढून फुंकून बघा. तो काजळीने चोंदला असेल, किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यामुळे इंजिन आत गॅस मारत असेल, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि कव्हरमधलं, क्रँकभोवतीचं नवं ऑइल सीलसुद्धा चार दिवसांत ऑइल टाकतं. ऑइल भरण्याचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि खालून धुराचा झोत येत असेल, तर आधी रिंगांकडे बघा, कव्हरवर पैसे नंतर घाला.

आता उघडण्याचा क्रम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कुलंट आणि ऑइल काढून घ्या. रेडिएटर पूर्ण बाहेर काढा. तो जागेवर ठेवून काम करायला गेलात की पुलर सरळ बसत नाही आणि जाळीही फाटते. मग फॅन, बेल्ट, आणि अल्टरनेटर त्याच्या ब्रॅकेटसकट. व्हॅक्यूम पंप पुढच्या बाजूला असेल तर तोही काढा आणि हातात आलाच आहे तर त्याचं बेअरिंग फिरवून बघा. हे बेअरिंग फुटलं की गोळ्या थेट चेनमध्ये पडतात. त्यात खडखड वाटली तर पंप परत लावू नका.

टॅपेट कव्हर काढून इंजिन टॉपला आणा, म्हणजे एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर सगळ्यात वर. कॅमशाफ्टच्या पुढच्या वॉशरवर एक खाच असते, ती पहिल्या बेअरिंग टॉवरवरच्या खुणेशी जुळवा. इंजिन फिरवायचं ते क्रँकच्या बोल्टवरून, चालण्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं की चेनचा ढिला भाग भलत्या बाजूला येतो आणि दात सुटायची भीती असते. खूण पुढे गेली तर मागे आणू नका, पुन्हा दोन फेरे पुढे घ्या.

दोन्ही कॅम खुणा जुळल्या की खाली पुलीवरचा आकडा वाचून कागदावर लिहा. हा आकडा पुढे दोनदा कामाला येतो. एक, चेन किती ताणली गेली आहे ते त्यावरून कळतं. कॅमची खूण जुळलेली असताना पुली शून्याच्या जितके अंश पुढे गेलेली, तितकी चेन लांबलेली. चार-पाच अंशांपर्यंत चेन चालू द्या. दहाच्या आसपास आकडा आला तर चेन बदलायलाच हवी. दोन, सगळं परत बसवल्यावर हाच आकडा यायला हवा. चेनला हात लावलेला नसताना आकडा बदलला, तर टायमिंग हललेलं नसतं, खुणेचा काटा वाकलेला किंवा चुकीच्या जागी लागलेला असतो.

डिझेल पंपाची काळजी नको. कव्हर काढताना चेन सगळ्या दातेरी चाकांवर तशीच राहते, चेन ताणून धरणारा टेन्शनरही जागेवर राहतो. त्यामुळे पंपाचं टायमिंग जिथे होतं तिथेच. डिझेलची एकही लाइन उघडत नाही, म्हणून हवा काढायचाही प्रश्न नाही.

अकुर्डी_डिझेल

पुढचा भाग, कारण खरी मारामारी इथे आहे.

क्रँकचा पुढचा बोल्ट. मर्सिडीजच्या मूळ आकड्यांप्रमाणे याचा टॉर्क २७० ते ३३० एनएम, त्यामुळे साध्या पान्याला तो दाद देत नाही. पाऊण इंची गोटी आणि लांब पाइप घ्या. इंजिन अडवायचं ते फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवर, स्टार्टर काढून त्या भोकातून पट्टी बसवून. स्क्रू ड्रायव्हर खुपसून दात मोडू नका. बोल्टखाली वाटीसारखे वाकलेले वॉशर असतात, तीन. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने निघाले ते बघून ठेवा. फुगीर बाजू बोल्टच्या डोक्याकडे असते. हे वॉशर सपाट झाले असतील तर बदला, कारण बोल्ट सैल न होऊ देण्याचं काम तेच करतात. हा बोल्ट सैल राहिला की हब (पुली धरणारा, क्रँकच्या टोकावरचा भाग) किल्लीवर हलतो, खाच रुंद होते, आणि मग प्रकरण क्रँकशाफ्टपर्यंत जातं.

पुली आणि डिस्क काढण्याआधी हबवर पेंटने खूण करा. हब पुलरने ओढायचा. हातोडा मारला की धक्का सरळ क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला जातो, शिवाय कव्हरचे कान तडकतात. तुमच्या कव्हरचा तडा कानापासूनच निघालाय, त्यामुळे आधी कुणीतरी पुली ठोकून काढली असण्याची किंवा बोल्ट फार आवळला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता चेंबर. पुढचे, कव्हरमध्ये जाणारे बोल्ट पूर्ण काढा. बाकीचे सगळे चार-पाच आटे सैल करा, म्हणजे चेंबर दोन-तीन मिलिमीटर खाली बसेल. जुनं पॅकिंग ब्लॉकच्या तोंडाच्या रेषेत नव्या ब्लेडने दोन्ही बाजूंना सरळ कापा.

वरचे एलन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या डोक्यातला कचरा सुईने साफ करा आणि एलन की हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा. डोकं गोल झालं तर तिथे ड्रिल मारायची वेळ येते, आणि ड्रिलचा भुगा सरळ चेनच्या पोकळीत पडतो. त्या पोकळीत आधी स्वच्छ फडकं कोंबा, त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा.

कव्हरचे बाकीचे बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचा. लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की आतून तळ फोडतो, आखूड बोल्ट लांब जागी गेला की दोन आट्यांवर लटकतो आणि टॉर्कला आटे घेऊनच बाहेर येतो.

शेवटी कव्हर आणि हेड पॅकिंगमधला चिकटा. पॅकिंग आणि कव्हरच्या मध्ये पातळ फीलर गेज किंवा दात घासून गुळगुळीत केलेलं हॅक्सॉचं पातं सरकवून सगळीकडून सुटं करा. मग कव्हर सरळ पुढे ओढायचं नाही. आधी खाली दाबायचं, वरच्या कडेला फट पडली की मग पुढे. कव्हर डाऊल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्या) असतं, त्यामुळे खाली जायला जागा थोडीच मिळते, एक बाजू थोडी पुढे आणत आलटून पालटून काढा. घाई केली की हेड पॅकिंगचा तुकडा कव्हरला चिकटून येतो.

घाटउतार

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त हेडच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे.

हेड पॅकिंग जुनं असेल, आणि गाडी कात्रज किंवा खंबाटकी चढताना गरम होत असेल, कुलंट कमी होत असेल, तर हेड उतरवूनच कव्हर बदला. रेडिएटर, कुलंट, टॅपेट कव्हर तसंही निघालेलं असतं. दोन महिन्यांनी हेडसाठी पुन्हा उघडलंत तर कव्हरच्या वरच्या कडेचं सीलंट पुन्हा तुटणार आणि तीच मेहनत दुसऱ्यांदा करावी लागणार. इंजिन थंड राहत असेल, स्टार्टिंगला पांढरा धूर आणि कुलंटचा वास नसेल, तर मात्र हेडला हात लावू नका.

कव्हर काढताना पॅकिंग फाटलंच, तर कुठे फाटलंय ते बघून ठरवा. चेनच्या पोकळीभोवतीच्या भागात कॉम्प्रेशन नसतं, फक्त उडणारं ऑइल असतं. तिथला छोटा तुकडा गेला तर तो जागेवर ठेवून वर-खाली सीलंटचा पातळ थर दिला तरी ते टिकतं. फाट मागे पाण्याच्या भोकाकडे गेली असेल तर सीलंटवर विसंबू नका, हेड उतरवा.

चेनबद्दल एक. चेन लांबलेली निघाली तर फक्त चेन बदलून थांबू नका, गाइडच्या पट्ट्या आणि टेन्शनरही बघा. पट्टीवर चेनच्या दोन खोल खाचा दिसल्या की ती बदला. टेन्शनर काढला तर बसवण्याआधी तो ऑइलच्या भांड्यात उभा बुडवून दांडा सावकाश सात ते दहा वेळा पूर्ण दाबायचा, आतली हवा जाईपर्यंत. हवा गेली की दांडा घट्ट होतो, अंगठ्याने सहज दबत नाही. रिकामा टेन्शनर लावला तर पहिल्या स्टार्टला चेन सैल राहते आणि तिथेच दात सुटतो. नव्या चेनबरोबर पंपाचं टायमिंगही तपासावं लागतं. मूळ आकडा टॉपच्या आधी २४ अंश. जुनी चेन लांबल्यामुळे पंपही मागे पडलेला असतो, आणि कुणीतरी तो पंप फिरवून जुळवून घेतलेला असू शकतो. अशा पंपावर नवी चेन टाकली की इंजिन ठोकायला लागतं.

भोसरी_टर्नर

कव्हर कोणतं घ्यायचं यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

वेल्डिंग माझ्याकडे आणलं तर मी नाही म्हणेन. आर्गनने बीड बसते, पण ओतीव ॲल्युमिनियममध्ये कित्येक वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. ते तापल्यावर बाहेर येतं, बीडमध्ये बारीक भोकं राहतात आणि पाझर चालूच राहतो. त्याहून वाईट म्हणजे कव्हर वाकतं. मग ब्लॉककडचं तोंड मशिनिंग करावं लागतं, ते केलं की सीलचं भोक मागे येतं. कव्हर कुठेच मिळत नसेल तरच हा मार्ग.

नवं किंवा जुनं, जे घ्याल ते आपल्या जुन्या कव्हरसोबत मशीन शॉपमध्ये न्या. सरफेस प्लेटवर दोन्ही उभी करून वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंतची उंची हाइट गेजने मोजून घ्या. हेड जागेवरच आहे, त्यामुळे ही एकच वेळ आहे जेव्हा फरक कळू शकतो. कव्हर कमी उंचीचं निघालं तर हेड पॅकिंग त्या जागी दाबलंच जात नाही. जास्त उंचीचं निघालं तर ते आत सरकतच नाही, आणि फिटर ते ठोकून घालतो. पंधरा-वीस शतांश मिलिमीटरचा फरकही पॅकिंग झाकत नाही. उंच असेल तर घासून आणता येतं. बुटकं असेल तर परत करा, सीलंटने उंची वाढत नाही.

पुढचं तपासणं म्हणजे डाऊलची भोकं. पिना ब्लॉकमध्ये बसवून कव्हर कोरडं लावून बघा. ते हाताने दाबून बसलं पाहिजे, आणि हलवलं तर हललं नाही पाहिजे. भोकं सैल असली की सीलचं केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळत नाही, सीलची एक बाजू दबते आणि दुसरी उघडी राहते. शक्य असेल तर हबवर मॅग्नेटिक स्टँड लावून सीलच्या भोकात डायल गेज फिरवा.

सील ज्या जागेवर घासतं ती रिंग किंवा हब माझ्याकडे घेऊन या. नखाला अडेल इतकी खाच पडली असेल तर नवं सील गळणारच. ती पॉलिश पेपरने घासून घालवायचा प्रयत्न करू नका, व्यास कमी होतो आणि त्यावर तिरप्या रेघा पडतात. रिंग वेगळी असेल तर बदला. नसेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते. तेही नको असेल तर सील मूळ जागेपेक्षा दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या पट्टीवर आणा. मात्र आत दाबताना मागे ऑइल परतायची वाट असेल तर ती झाकू नका.

ट्रान्सपोर्टनगरचं जुनं कव्हर मूळ असेल, कान शाबूत असतील आणि आटे ठीक असतील, तर मी तेच घेईन. जुन्या मूळ ओतकामाची मापं सहसा बरोबर असतात. तडे शोधायला पेनिट्रंट डाय मारा, किंवा घासलेट लावून पुसून वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर थोड्या वेळाने ओली रेघ उमटते.

लोडिंगवाला_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. गाडी गरम होत नाही, कुलंट कमी होत नाही, म्हणून हेड न काढता करतो. जुनं मूळ कव्हर घेऊन भोसरीत मोजून घेतो.

अजून तीन प्रश्न. जुन्या पॅकिंगचा चिकटा ग्राइंडरच्या जाळीच्या डिस्कने काढला तर चालेल का, कारण फिटर तसंच करतो. सीलंट नेमकं कुठे आणि किती लावायचं? आणि चेंबरचं पॅकिंग पूर्ण बदलायला चेंबर उतरवावं लागेल, पण क्रॉस मेंबर आडवा येतोय.

अकुर्डी_डिझेल

ग्राइंडरची डिस्क अजिबात नको. तिची भुकटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते, बेअरिंगमध्ये रुतून बसते आणि क्रँकचे जर्नल घासते. कव्हर बदलल्यावर काही दिवसांत ऑइल प्रेशर जातं त्यामागे हे कारण असू शकतं. ब्लॉकवर पितळी किंवा प्लॅस्टिकची स्क्रॅपर वापरा, चिकट भागावर पॅकिंग रिमूव्हर लावून थांबा. शेवटी थिनरने पुसा, आणि पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच राहिलं पाहिजे. सिलिकॉन तेलकट जागेवर धरत नाही.

ब्लॉक आणि कव्हरमध्ये कागदी पॅकिंग निघालं असेल तर कागदीच घाला, वर सिलिकॉनचा लेप नको. सिलिकॉनवर कागद सरकतो आणि आवळताना बाहेर येतो. पॅकिंग न निघता नुसतं सीलंट निघालं असेल, तर बोल्टच्या आतल्या बाजूने दोन मिलिमीटरची एकसंध रेघ द्या, प्रत्येक भोकाला वळसा घालून. जास्त सिलिकॉन आत पिळून निघतं, त्याच्या अळ्या सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. कोपऱ्यांवर मात्र, म्हणजे ब्लॉक-कव्हर-चेंबर आणि ब्लॉक-कव्हर-हेड जिथे मिळतात तिथे, मटाराएवढा ठिपका लागतोच, पॅकिंग कागदी असलं तरी.

चेंबर उतरवू नका. नवं चेंबर पॅकिंग घेऊन त्याचा पुढचा तुकडा जुन्याच्या कापलेल्या टोकांवर ठेवा आणि दोन्ही एकदम एका फटक्यात कापा, म्हणजे सांधा तंतोतंत जुळेल. सांध्यावर सिलिकॉन लावा. नव्या तुकड्याची जाडी जुन्याच्या दबलेल्या जाडीपेक्षा जास्त असेल, तरी चालतं, आवळल्यावर बसतं.

लावताना कव्हर खालून वर आणायचं, पुढून घासत नाही, नाहीतर कोपऱ्याचं सिलिकॉन पुसलं जातं. आधी सगळे बोल्ट हाताने लावा. मग वरचे एलन बोल्ट आणि ब्लॉकचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळत न्या, म्हणजे कव्हर एकाच वेळी मागे आणि वर बसेल. एम ८ ला २५ एनएम, चेंबरच्या एम ६ ला १० एनएम, त्याहून एक आटाही जास्त नाही. जो बोल्ट ऑइल असलेल्या भोकात जातो त्याच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावा. ब्लॉकमधले आटे गेलेले असतील तर आत्ताच हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या.

सील कव्हर लागल्यावर घाला, आधी नाही. ओठांमध्ये ग्रीस भरा, कोरडं सील पहिल्या मिनिटात जळतं. हबच्या कडेला धार असेल तर ती तेलपाषाणाने मोडा. हबवर ऑइल लावून तो फिरवत सरकवा, सीलचा ओठ उलटला नाही ना ते टॉर्च मारून बघा.

घाटउतार

टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा. विशेषतः क्रँकच्या बोल्टला अंदाज चालत नाही, आणि एम ६ ला तर नाहीच.

सिलिकॉन लावल्यावर चोवीस तास ऑइल भरू नका. घाई करून रात्री लावलं आणि पहाटे मार्केट यार्डला निघालात तर कोपरा पुन्हा पाझरणार. शनिवारी दुपारी काम संपवा. सुरू करण्याआधी चोवीस तास धरूनच बेत आखा.

पहिल्या स्टार्टला इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून धरा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, ऑइलची लाइट विझेपर्यंत. मधे स्टार्टरला एक मिनिट थंड होऊ द्या. मग सुरू करा. चेनचा थोडा खडखडाट एक-दोन सेकंद आला तर घाबरू नका, टेन्शनर भरतोय. पाच सेकंदांनंतरही आवाज राहिला तर लगेच बंद करा.

कागदी पॅकिंग लावलं असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट त्याच टॉर्कवर एकदा बघा. सिलिकॉनवर लावलं असेल तर पुन्हा आवळू नका, सुकलेला थर फाटतो. फॅन बेल्ट मात्र दोन्ही प्रकारांत बघावा लागतो. मधोमध अंगठ्याने दाबून साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे, आणि नवा असेल तर पहिल्या दोन दिवसांत तो सैल होतोच.